हे ‘ओके’ कुणाचं?

कृष्णेच्या काठावर आमच्या मोटरच्या स्टार्टरशेजारी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात सिम८००एल नावाचं मॉड्यूल बसवलंय. जेमतेम अडीच सेंटिमीटरची पाटी, तिच्या पाठीला सिमकार्डाची खाच, कोपऱ्यात अँटेनाची तार. त्याला पडदा नाही, बटणं नाहीत. बाहेरच्याशी बोलायला दोन तारा, एक ऐकायची आणि एक सांगायची. या तारांवरून साधी अक्षरं जातात आणि साधी अक्षरं परत येतात. टॉवर, संदेश, फोन, सगळा कारभार त्या अक्षरांवर चालतो. अशी मॉड्यूलं हल्ली पुष्कळ जण वापरतात, पण बहुतेक जण कुणाचा तरी तयार प्रोग्राम चढवतात आणि चाललं की पुढे जातात. मॉड्यूलसमोर बसून त्याच्याशी हातानं, एकेक ओळ लिहून बोलणं राहूनच जातं. मला वाटतं, खरी ओळख तिथेच होते, म्हणून ते सगळं नीट सांगावंसं वाटतं.

आमची शेती वाळवा तालुक्यात. मोटर नदीवर, तिथून पाइपलाइननं पाणी वरच्या उसाला. शेतीच्या फीडरला तीन फेजची लाईट दिवसातून आठ तास, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की आमचे थोरले चुलते, आण्णा, बॅटरी घेऊन बांधाबांधानं नदीवर जात. साप-विंचवाची भीती पूर्वीपासून होतीच. आता आमच्या आणि शिराळ्याच्या पट्ट्यात उसातून बिबट्या फिरतो, त्यामुळे घरातल्या बायका ते परत येईपर्यंत जाग्याच असत. काठावर बऱ्याच जणांनी ‘ऑटो’ बसवलाय, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. पण लाईट आल्या क्षणी काठावरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या की डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, किती भार पडतो, हे फ्यूज बांधणाऱ्या वायरमनला विचारा. महावितरणही ऑटो काढा आणि कपॅसिटर लावा असं सांगत असतं. शिवाय आण्णांचं म्हणणं सरळ होतं, पाणी लागेल तेव्हा मोटर चालू व्हावी, लाईटला वाटेल तेव्हा नको. बाजारात तयार मोबाईल स्टार्टर मिळतात. एक आणलाही होता. तो बंद पडला तेव्हा का पडला, ते विकणाऱ्यालाही सांगता येईना. सबंध डबाच बदला म्हणाला. माझं तालुक्याला टीव्ही आणि स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान आहे. बिघडल्यावर ज्याला काही विचारता येत नाही अशी वस्तू नदीकाठी ठेवायची नाही, एवढं मनाशी पक्कं झालं.

मॉड्यूल आलं ते आधी दुकानातल्या टेबलावर जोडलं. संगणकाला यूएसबीवरून सिरियल करणारी छोटी पट्टी, तिच्या दोन तारा मॉड्यूलच्या दोन तारांना उलटसुलट, म्हणजे याचं बोलणं त्याच्या ऐकण्याला. जमीन दोघांची एक. संगणकावर टर्मिनलची खिडकी उघडली, वेग ९६०० ठेवला आणि ‘एटी’ अशी दोन अक्षरं लिहून एंटर दाबलं. खालच्या ओळीत ‘ओके’ उमटलं.

या दोन अक्षरांमागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेत अटलांटाजवळ डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी १९८१ साली स्मार्टमोडेम नावाचा मोडेम काढला, सेकंदाला ३०० बिट पाठवणारा. अडचण अशी होती की संगणकाला आणि मोडेमला जोडणारी वाट एकच. त्याच वाटेवरून फोनलाइनवर पाठवायचा मजकूर जाणार आणि त्याच वाटेवरून ‘हा नंबर फिरव’, ‘आता फोन ठेव’ असे हुकूमही जाणार. कुठलं काय ते मोडेमनं ओळखायचं कसं? त्यांनी दोन अवस्था ठरवल्या. एकीत मोडेम हुकूम ऐकतो आणि दुसरीत आलेलं सगळं मुकाट्यानं पुढे ढकलतो. पुढे ढकलण्याच्या अवस्थेतून त्याला परत बोलवायचं तर एक सेकंद गप्प राहायचं, तीन अधिकची चिन्हं लिहायची आणि पुन्हा सेकंदभर गप्प राहायचं. प्रत्येक हुकमाच्या आधी ‘एटी’ म्हणजे लक्ष दे. पुढे मोबाईल आले, जीएसएमच्या प्रमाणांत या हुकमांची मोठी यादी जोडली गेली, आणि ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉड्यूलांना थोड्या फरकानं सारखीच लागू पडते. ब्लूटूथची आणि ४३३ मेगाहर्ट्‌झची मॉड्यूलंही याच पद्धतीनं बोलतात. चाळीस वर्षांत यंत्रं पार बदलली, हाक तीच राहिली.

‘ए’ या अक्षराची निवड मला फार आवडते. सिरियलच्या तारेवर प्रत्येक अक्षराआधी एक सुरुवातीचा बिट जातो, तो शून्य. मग अक्षराचे बिट, सगळ्यात लहान आधी. रोमन लिपीतल्या मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, त्याचा सगळ्यात लहान बिट एक. त्यामुळे तार खाली जाते आणि बरोबर एका बिटाच्या वेळानं वर येते. तेवढा वेळ मोजला की समोरचा किती वेगानं बोलतोय ते मॉड्यूलला कळतं. म्हणून सिम८००एलला आधी वेग सांगावा लागत नाही, पहिल्या ‘एटी’वरून ते जुळवून घेतं. टेबलावर हे सोयीचं. नदीकाठी मात्र एक वेग ठरवून टाकलेला बरा; ‘एटी+आयपीआर=९६००’ लिहून वर ‘एटी&डब्ल्यू’नं तो कायम केला. तसं केल्यावर चालू होताना मॉड्यूल आपणहून ज्या ओळी पाठवतं त्याही दिसायला लागतात, आणि पुढे त्या ओळींनीच मला एक दुखणं दाखवलं.

अजून एक बारीक गोष्ट. एंटर दाबल्यावर टर्मिनलमधून नेमकं काय जातं यावर सगळं अवलंबून असतं. मॉड्यूलला ओळ संपल्याची खूण म्हणून १३ क्रमांकाचं अक्षर लागतं. काही खिडक्या त्याऐवजी १० पाठवतात, काही काहीच पाठवत नाहीत. मग मॉड्यूल ओळ संपायची वाट बघत गप्प राहतं आणि माणूस तारा उपसत बसतो. माझ्याकडे असे दोन-तीन मुलगे मॉड्यूल ‘मेलंय’ म्हणून घेऊन आले. खिडकीची सेटिंग बदलली आणि ते बोलायला लागलं.

‘एटी’ला ‘ओके’ आल्यावर विचारपूस सुरू होते. ‘एटी+सीपीआयएन?’ म्हणजे सिमकार्ड जागेवर आहे का, त्याला पिन हवाय का. उत्तर ‘रेडी’. ‘एटी+सीआरईजी?’ म्हणजे जाळ्यात नोंद झाली का. उत्तरात दोन आकडे येतात, त्यातला दुसरा महत्त्वाचा. १ म्हणजे नोंद झाली, २ म्हणजे शोधतोय, ३ म्हणजे जाळ्यानं नाकारलं, ५ म्हणजे दुसऱ्याच्या जाळ्यात पाहुणा. ‘एटी+सीएसक्यू’ म्हणजे टॉवर किती जोरात ऐकू येतोय. शून्य ते ३१, आणि ९९ आला तर काहीच कळत नाही. प्रत्येक आकड्यामागे दोन डेसिबल. १० म्हणजे उणे ९३ डेसिबल-मिलिवॅट. हे आकडे पाठ झाले की मोबाईलवरच्या रेंजच्या दांड्या फार ढोबळ वाटायला लागतात.

या आकड्यांवरच पेटीची जागा ठरली. लॅपटॉप आणि मॉड्यूल घेऊन नदीवर गेलो. स्टार्टर आहे तो खोलगटात, मागे उंच दरड. तिथे सीएसक्यू पाच-सहाच्या पुढे जाईना आणि सीआरईजी मधूनच २ वर घसरायचा. अँटेना हातात धरून दरडीवर चढलो तसा आकडा पंधराच्या वर गेला. मग पेटी खालीच ठेवली, पण अँटेना लांब केबल लावून पाइपाच्या टोकाला वर नेली. अँटेनाची केबल जेवढी लांब तेवढं त्यात विरतं, म्हणून केबल टप्प्याटप्प्यानं लांबवत गेलो आणि दर खेपेला तोच प्रश्न विचारून आकडा बघितला. यात अंदाजानं काही करायचं राहिलं नाही.

आता ते दुखणं. दुकानात सगळं सुरळीत, पण पेटीत घातल्यावर मॉड्यूल मधूनच बंद पडून पुन्हा उठायला लागलं. बारीक दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो तेव्हा ते जाळं शोधत असतं, आणि तीन सेकंदांनी एकदा लुकलुकतो तेव्हा नोंद झालेली असते. इथे तो दहा-बारा वेळा भराभर लुकलुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. लॅपटॉप लावून बघितलं, तर मॉड्यूल स्वतःच कारण सांगत होतं. पडण्याआधी एक ओळ यायची, इंग्रजीत, ‘अंडर-व्होल्टेज’चा इशारा. मग पुन्हा चालू झाल्याच्या ओळी.

या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, ५ व्होल्ट जास्त आणि ३.३ कमी. गंमत प्रवाहात आहे. २जीमध्ये फोन सतत बोलत नाही. एक वाहक आठ जण वाटून घेतात, प्रत्येकाला ४.६ मिलिसेकंदांतून अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ. तेवढ्या क्षणात मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत ओढतं आणि मग लगेच शांत होतं. मल्टिमीटर लावला तर सरासरी दाखवणार, काट्याला तो खड्डा दिसणारच नाही. टॉवर जवळ असेल तर मॉड्यूल हळू बोलतं आणि खड्डा लहान राहतो. दुकानात सगळं ठीक का होतं ते यावरून उलगडलं. नदीकाठी टॉवर लांब, म्हणून मॉड्यूल पूर्ण ताकदीनं ओरडतं आणि पातळ तारांमधून एवढा प्रवाह एकदम ओढला गेला की व्होल्टेज ३.४ च्या खाली जातं. उपाय तीन केले. तारा जाड आणि आखूड केल्या. मॉड्यूलच्या अगदी पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. आणि पुरवठा म्हणून लिथियमचा १८६५० सेल घातला. तो भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्ट देतो आणि क्षणभर २ अँपिअर द्यायला त्याला काही वाटत नाही.

सेल घातल्याचा एक फायदा नंतर कळला, आणि घरात आज त्याचंच कौतुक जास्त आहे. लाईट गेली तरी मॉड्यूल जागं राहतं. त्यामुळे लाईट गेल्याचं आणि आल्याचं तेच कळवू शकतं. फक्त ‘आली’ म्हणून भागत नाही. फीडरवर तीन फेजची वेळ संपली की पुष्कळदा सिंगल फेज राहते, घरातला दिवा लागतो पण मोटर चालवायची नसते. म्हणून तिन्ही फेजवर वेगवेगळे ऑप्टोकपलर, म्हणजे मेन लाईन अलग ठेवून फक्त खूण आत देणारे भाग, लावून तिन्ही आल्याची खात्री झाल्यावरच संदेश जातो. काकू म्हणतात, “मोटर चालू नाही झाली तरी चालंल, पण लाईट आल्याचं तेवढं कळू द्या, म्हंजे हे उगा अंधारात बघायला जायचे न्हाईत.”

संदेश पाठवणं वाचायला सोपं वाटतं. ‘एटी+सीएमजीएफ=१’ लिहून मजकुराची पद्धत निवडायची. मग ‘एटी+सीएमजीएस=’ आणि अवतरणात नंबर. मॉड्यूल ओळीच्या सुरुवातीला बाणाचं टोक दाखवतं, म्हणजे सांग काय लिहायचं ते. मजकूर लिहायचा आणि शेवटी २६ क्रमांकाचं अक्षर, कंट्रोल आणि झेड एकत्र दाबून. इथे हेजच्या काळातली जुनी अडचण नव्या रूपात समोर येते. बाणाच्या टोकानंतर मॉड्यूलच्या लेखी सगळाच मजकूर असतो. २६ गेलं नाही आणि तुम्ही ‘एटी+सीएसक्यू’ लिहिलंत, तर तेही संदेशातच जाऊन बसतं. मॉड्यूलकडून उत्तर येत नाही आणि ते अडकलं असं वाटतं. २७ पाठवलं, म्हणजे एस्केप, की अर्धवट संदेश टाकून ते पुन्हा हुकूम ऐकायला येतं. पेटीत मॉड्यूलशी बोलणाऱ्या माझ्या प्रोग्राममध्ये म्हणून प्रत्येक हुकूम देण्याआधी बाणाचं टोक आलंय का ‘ओके’ आलंय हे तपासलं जातं. उत्तर न बघता ठरावीक वेळ थांबून पुढची ओळ पाठवायची, अशी पद्धत बऱ्याच तयार प्रोग्राममध्ये असते. जाळं मंद असेल त्या दिवशी ती हमखास फसते.

आण्णांना संदेश मराठीत हवा होता. रोमन अक्षरं त्यांना वाचता येतात, पण चष्मा शोधून एकेक अक्षर लावत बसावं लागतं. देवनागरीत पाठवायचं तर मॉड्यूलला आधी सांगावं लागतं. ‘एटी+सीएससीएस=’ करून अवतरणात ‘यूसीएस२’, आणि ‘एटी+सीएसएमपी=१७,१६७,०,८’. शेवटचा ८ म्हणजे प्रत्येक अक्षराला सोळा बिट. मग मजकूर अक्षरांत लिहायचा नाही, अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांत लिहायचा, प्रत्येकी चार अंकी, सोळाच्या पायावर. म ०९२ई, ओकाराची मात्रा ०९४बी, ट ०९१एफ, र ०९३०. ‘मोटर’ हा शब्द असा सोळा चिन्हांचा होतो. आणि या पद्धतीत गेलं की नंबरसुद्धा तसाच लिहावा लागतो, अधिकचं चिन्ह ००२बी, नऊ ००३९. हे कुठल्या तयार प्रोग्राममध्ये सापडलं नाही. हातानं लिहून, उत्तर बघून जमलं. नंबर साधा ठेवला की ‘एरर’, सोळाच्या पायावर लिहिला की पार.

देवनागरीची जागाही मोजून वापरावी लागते. संदेशात १४० बाइट असतात. रोमन अक्षराला सात बिट लागतात म्हणून ती १६० बसतात, देवनागरीला सोळा म्हणून ७०. आणि त्या सत्तरात मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची प्रत्येकाची जागा वेगळी. ‘स्टार्टर’ कागदावर तीन अक्षरांचा दिसतो, संदेशात आठ जागा खातो. अशी बरीच वाक्यं मी मोजून बसवली आणि त्यात मला खरा आनंद मिळाला. नदीवरच्या पत्र्याच्या पेटीनं आण्णांना त्यांच्या भाषेत निरोप द्यावा, याचं मोल मला त्या सोळा-सोळा चिन्हांपेक्षा फार जास्त वाटतं.

आता मोटर. स्टार्टरला हिरवं आणि लाल अशी दोन बटणं. हिरव्याला समांतर एक रिले, म्हणजे पेटीच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, जो क्षणभर मिटतो. लालच्या रांगेत दुसरा, जो क्षणभर उघडतो. बाकी स्टार्टर जसा होता तसा, त्यामुळे हातानंही चालू-बंद करता येतो. ती सोय कुणी काढू नये असं माझं ठाम मत आहे. स्टार्टरमधला मोटरला लाईट जोडणारा कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याच्या कॉइलमधून जो झटका येतो त्यानं सिरियलच्या तारेवर कचरा अक्षरं यायची. कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावल्यावर थांबली.

पहिल्यांदा घरून संदेश पाठवून मोटर लावली ती संध्याकाळी. ओसरीवर आण्णा, मी, धाकटा भाऊ. संदेश गेला, थोड्या वेळानं पेटीकडून उत्तर आलं. मी म्हणालो, “आण्णा, मोटर चालू झाली.”

“कशावरनं?”

“उत्तर आलंय की. ओके म्हणतंय.”

“ओके कुणाचं? तुझ्या पेटीचं का मोटरीचं?”

त्या प्रश्नावर पुढचा सगळा हंगाम गेला असं म्हटलं तरी चालेल. कारण प्रश्न बरोबर होता. मॉड्यूलला ‘एटी’ म्हटल्यावर येणारं ‘ओके’ सांगतं, की ओळ मला समजली. संदेश पाठवल्यावर ‘+सीएमजीएस’ आणि एक आकडा येतो, तो सांगतो की जाळ्यानं संदेश ताब्यात घेतला. समोरच्या फोनवर पोहोचला का, ते त्यात नाही. त्यासाठी सीएसएमपीमधला पहिला आकडा १७ ऐवजी ४९ करून पोहोच मागावी लागते. आमच्या पेटीचं उत्तर सांगत होतं, की रिलेला हुकूम दिला. रिले मिटला का, कॉन्टॅक्टर बसला का, मोटर फिरतेय का, पाइपातून पाणी येतंय का, यातलं कशाचंच ते उत्तर नव्हतं. आण्णा आयुष्यभर मोटरीचा आवाज ऐकून, पाइपावर हात ठेवून पाणी ओळखत आलेत. त्यांना मधल्या कुणाची ग्वाही चालत नाही.

मग एका फेजच्या तारेभोवती सीटी घातला, म्हणजे तारेतून किती प्रवाह जातोय ते तार न तोडता मोजणारी कडी. आमची मोटर पाच एचपीची, पूर्ण भाराला साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. हिरव्या रिलेनंतर काही सेकंद थांबून प्रवाह बघायचा. शून्य असेल तर मोटर उठलीच नाही. खूप जास्त असेल तर अडकली किंवा एक फेज गेली, लगेच बंद. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे पाणी सुटलं की पंप नुसता फिरतो, प्रवाह ठळकपणे खाली येतो. तेव्हा बंद करायची आणि कळवायचं. आता पेटीचा ‘मोटर चालू’ हा निरोप प्रवाह बघितल्याशिवाय जातच नाही. आण्णांच्या हाती काही दिवस मी घड्याळ दिलं; ते पाइपाच्या तोंडाशी, मी घरी. निरोप आणि पाणी यांची गाठ पडते का ते आम्ही पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. पाइप भरून वर पाणी यायला वेळ लागतो तेवढाच फरक राहिला. त्यानंतर त्यांनी ‘कशावरनं’ विचारणं सोडलं.

बाकीच्या गोष्टी चटकन सांगतो. हुकूम फक्त घरातल्या नंबरांचा मानायचा; आलेल्या संदेशाबरोबर नंबर येतोच, तो जुळला नाही तर ओळ टाकून द्यायची. आण्णा संदेश लिहीत नाहीत, मिस कॉल देतात. ‘एटी+सीएलआयपी=१’ केलं की घंटी वाजताना मॉड्यूल फोन करणाऱ्याचा नंबर सांगतं; तो ओळखायचा, ‘एटीएच’नं फोन तोडायचा आणि मोटर लावायची. पैसे लागत नाहीत. सिमकार्डात संदेशांची जागा मोजकी असते आणि जाहिरातींनी ती भरली की नवा निरोप येतच नाही. म्हणून ‘एटी+सीएनएमआय=२,२,०,०,०’ करून संदेश साठवायचाच नाही, आला की थेट तारेवर वाचायचा, असं ठेवलंय. रिचार्जची मुदत संपायच्या आत कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. ते काम धाकट्या भावाकडे आहे. आणि तारेवरून येणारं सगळं तातडीनं वाचून घ्यावं. आर्डुइनो नावाच्या साध्या नियंत्रक पाटीवर प्रोग्रामनं बनवलेल्या सिरियल वाटेला ६४ अक्षरांचीच टोपली असते, सत्तर अक्षरांचा मराठी संदेश सोळाच्या पायावर २८० चिन्हांचा येतो. भरली की पुढची अक्षरं सांडतात, आणि ती सांडल्याचं कुणी कळवत नाही.

आता प्रश्न २जीचा आहे. सिम८००एल फक्त २जी जाणतं. जिओचं जाळं २०१६ साली सुरू झालं तेव्हापासून ४जीचं, तिथे हे मॉड्यूल नोंदच होत नाही. बाकीच्यांचं २जी आमच्या काठावर अजून आहे, पण कायम राहील या भरवशावर पीक उभं करता येत नाही. म्हणून ४जीचं मॉड्यूल आणून दुकानात टेबलावर जोडलंय. सीएमजीएफ, सीएमजीएस, सीएलआयपी सगळं तसंच चालतं. नोंदीचा प्रश्न मात्र ‘सीआरईजी’ऐवजी ‘सीईआरईजी’नं विचारावा लागतो, आणि मिस कॉल घेताना ते कसं वागतं हे प्रत्येक कंपनीच्या सिमवर वेगवेगळं तपासून घ्यावं लागतंय. ते काम चालू आहे. पावसाळ्यात नदीचं पाणी चढायला लागलं की मोटर वर काढावीच लागते, २०१९च्या महापुरानंतर त्यात कुणी उशीर करत नाही. मोटरीबरोबर पेटीही घरी येईल, तेव्हा बदल करणार.

आण्णांनी त्यात एक भर घालायला सांगितलीय. मोटर चौघा भावांत आहे आणि पाण्याच्या पाळीवरून कधीमधी बोलाचाली होते. “बंद झाली म्हणून सांगतंय तेव्हा किती तास चालली ते बी सांगू दे. मग हिशेब कुणाच्या तोंडावर ऱ्हायचा न्हाय.” सीटी प्रवाह मोजतच असतो, तेव्हा प्रवाह होता तेवढा वेळ जुळवत जाणं एवढंच काम. ‘मोटर बंद. आज ५ तास २० मिनिटं चालली.’ हे वाक्य मोजून बघितलं. मात्रा, अनुस्वार, मधल्या मोकळ्या जागा धरून ३५ होतात. म्हणजे एकाच संदेशात कालचा आकडाही बसेल.